तरणा गुळव्या

पंचगंगेच्या काठी एका गावात एक म्हातारा गुळव्या राहत होता. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर रसाचा गूळ करणारा माणूस. ऊस शेतकऱ्याचा, चरक मालकाचा, पण काहील चुलवाणावरून कधी उतरवायची ते गुळव्याच सांगणार. जरा आधी उतरवली तर गूळ मऊ पडतो, जरा उशीर झाला तर करपतो. 100 किलो उसाला 10-11 किलो गूळ मिळतो. म्हणून एक आदण बिघडलं तरी शेतकऱ्याच्या जिवाला लागतं.

एका दिवाळीनंतर म्हाताऱ्याकडे एक पोरगा शिकायला आला. पोरगा फार हुशार होता. एकदा पाहिलं की त्याला आलं. रसात भेंडीचं पाणी केव्हा ओतायचं, वर आलेली मळी झाऱ्याने कशी काढायची, चुन्याची निवळी किती घालायची, हे त्याने आठ दिवसांत उचललं. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की गोळी किती कडक व्हायला हवी, तेही लवकरच त्याच्या बोटांना कळलं.

म्हाताऱ्याला एवढं यायला बारा हंगाम लागले होते. तो हे कुणापासून लपवत नसे. "माझ्या हातून जितका गूळ बिघडला, तितका या पंचक्रोशीत कुणाच्या हातून बिघडला नसेल," असं तो चुलवाणाशी बसून सांगे आणि मजूर हसत.

पोराला एक हंगाम पुरला. दुसऱ्या हंगामात त्याने स्वतः आदणं उतरवली. तिसऱ्यात त्याला दुसऱ्या गुऱ्हाळाचं बोलावणं आलं. म्हाताऱ्याने आनंदाने निरोप दिला आणि एवढंच सांगितलं, "नवा फड आला की आधी एक कांडं सोलून चाखत जा."

पोरगा काही दिवस चाखत गेला. ऊस गोडच असायचा. मग त्याने चाखणं सोडलं. गरजही नव्हती, कारण त्याचं एकही आदण चुकत नव्हतं. पिवळाधमक, कणीदार गूळ. बाजारात व्यापारी त्याची ढेप फोडून बघेनासे झाले. पाच-सहा वर्षांत तो तरणा गुळव्या म्हणून चार गावांत ओळखला जाऊ लागला.

मग एका वर्षी पूर आला. पंचगंगेचं पाणी पात्र सोडून शेतात शिरलं आणि कितीतरी दिवस हललं नाही. उसाचे शेंडे कुजले. पाणी ओसरल्यावर ऊस उभा दिसत होता, पण कांड्यांना मुळ्या फुटल्या होत्या आणि डोळ्यांतून पांगशा निघाल्या होत्या.

हंगाम सुरू झाला. एका शेतकऱ्याने हा ऊस तरण्या गुळव्याच्या गुऱ्हाळावर आणला. रस काहिलीत पडला. भेंडीचं पाणी, निवळी, मळी, गोळी, सगळं नेहमीसारखं झालं. आदण उतरवलं, वाफ्यात ओतलं. गूळ बसेना. सकाळी ढेप काढायला गेले तर ती हातात लोळली.

दुसऱ्या आदणाला त्याने जाळ वाढवला. गूळ करपला. तिसऱ्याला निवळी जास्त घातली. गूळ काळा पडला आणि तरी ओलाच राहिला. शेतकरी काही बोलला नाही. तो नुसता वाफ्याकडे बघत उभा राहिला, आणि तरण्या गुळव्याला ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

रात्री तो म्हाताऱ्याच्या घरी गेला. म्हणाला, "आबा, तुम्ही मला सगळं शिकवलंत, पण एक गोष्ट राखून ठेवलीत. पुरातल्या उसाचा गूळ कसा करायचा, ते सांगा."

"मला माहीत असतं तर तेव्हाच सांगितलं असतं," म्हातारा म्हणाला. "मी असा ऊस कधी गाळलेला नाही. चल, बघू."

म्हाताऱ्याला आता नीट दिसत नव्हतं. सकाळी त्याने एक कांडं मागून घेतलं, सोलून चाखलं, आणि बराच वेळ चघळत बसला. मग शेंड्याकडचं चाखलं, बुडख्याकडचं चाखलं. "गोडी आहे," तो म्हणाला, "पण मागून आंबटसर लागतं. इंजिन बंद करा. मला चार घागरी रस आणि चार पातेली द्या."

मजूर कुरकुरले. एवढा मोठा गुळव्या आणि पोरांसारखा भातुकली मांडून बसला! तरण्या गुळव्यालाही लाजल्यासारखं झालं. आजवर त्याने कुठलीही गोष्ट करून बघितली नव्हती. त्याने ती केली होती.

पहिल्या पातेल्यात म्हाताऱ्याने निवळी थेंबभर वाढवली. दुसऱ्यात चांगल्या उसाचा थोडा रस मिसळला. तिसरं मंद जाळावर ठेवलं. चौथं, पाकाची गोळी होण्याच्या बरंच आधी, नुसती तार सुटत असतानाच उतरवलं. पहिलं आणि तिसरं साफ बिघडलं. दुसरं कसंबसं बसलं, पण एवढा चांगला ऊस आणायचा कुठून? चौथं तर पातळच होतं. म्हाताऱ्याने प्रत्येकात बोट घालून चाखलं आणि पातेली तशीच झाकून ठेवायला सांगितली.

दुपारी शेतकऱ्याच्या बायकोने दोघांना जेवायला वाढलं. भाकरी, पिठलं, आणि मडक्यातली गेल्या वर्षीची काकवी. काकवी काढताना डाव खाली कशाला तरी लागला.

"काय आहे गं ते?" म्हाताऱ्याने विचारलं.

"साखर बसलीय तळाला," ती म्हणाली. "दरवर्षी बसते. खडे खाली राहतात आणि पोरं ते खरवडून खातात."

म्हाताऱ्याचा घास हातात तसाच राहिला. मग तो म्हणाला, "वहिनी, हे मडकं मला तीन दिवस द्याल का?"

तीन दिवस गुऱ्हाळ बंद राहिलं. मालक चिडला, मजुरांनी दुसरीकडे जायची भाषा केली. म्हातारा रोज सकाळी चौथ्या पातेल्यातली पातळ काकवी बोटाने ढवळी, तळ चाचपडे आणि तरण्यालाही चाचपायला लावी. चौथ्या सकाळीही तळ गुळगुळीत होता. एक कणही बसला नव्हता.

"आता सांग," म्हातारा म्हणाला.

तरण्या गुळव्याने एकदा बाईच्या मडक्यात बोट घातलं, एकदा पातेल्यात. मग हळूहळू बोलू लागला. पाण्यात उभ्या राहिलेल्या या उसातली साखर बिघडली आहे, ती कणी धरत नाही. म्हणून गूळ बसत नाही. पण कणी धरत नाही म्हणूनच काकवीच्या तळाशी साखरही बसत नाही. चांगल्या उसाच्या काकवीला जो दोष येतो, तो हिला येणारच नाही.

"मग हिचा गूळ करायचाच नाही," तो म्हणाला. "काकवी करायची."

"हे मला सुचायला वेळ लागला," म्हातारा म्हणाला. "तुला पाचव्या मिनिटाला सुचलं."

त्या शेतकऱ्याच्या सगळ्या फडाची काकवी झाली. गुळाइतका पैसा आला नाही, पण ऊस जाळावाही लागला नाही. काठावरच्या बाकीच्या शेतकऱ्यांनीही आपापल्या गाड्या त्या गुऱ्हाळाकडे वळवल्या.

म्हाताऱ्याला घरी पोचवायला तरणा गुळव्या बरोबर गेला. वाटेत त्याने विचारलं, "आबा, डोकं माझं जास्त चालतं, हे तुम्हीच म्हणता. मग मी तीन आदणं का नासवली?"

"तुला जे आलं ते लगेच आलं. एखादी गोष्ट येत नाही तेव्हा काय करायचं, ते शिकायची तुझ्यावर वेळच आली नाही. माझ्यावर बारा वर्षं तीच वेळ होती. उत्तर माहीत असणं म्हणजे बुद्धी नव्हे, पोरा. उत्तर माहीत नाही हे कळल्यावर ती कामाला लागते."

तरणा काही बोलला नाही. म्हाताऱ्याला दारात सोडून तो परत फिरला. गुऱ्हाळावर माळरानाचा, पूर न लागलेला, पहिल्या प्रतीचा ऊस उतरत होता. चरक सुरू करायला माणूस इंजिनाशी उभाच होता. तरण्या गुळव्याने त्याला थांबायची खूण केली, मोळीतून एक कांडं ओढलं आणि सोलायला विळा मागितला.