पडद्याच्या कडा

घरच्या टेलिव्हिजनवर चित्रपट लागला आणि चित्राच्या वर-खालीं काळे पट्टे दिसले, कीं भल्याभल्यांचा जीव अस्वस्थ होतो. पैसे सगळ्या पडद्याचे मोजले, मग चित्र एवढेंच कां, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न वरवर हिशेबाचा असला तरी त्याच्या पोटीं नीतीचा एक प्रश्न आहे, असें आम्हांस वाटतें.

१९५३ सालीं अमेरिकेंत 'द रोब' हा चित्रपट सिनेमास्कोप पद्धतीनें आला, तो मुख्यतः टेलिव्हिजनशीं चढाओढ म्हणून. घरच्या पडद्याचें प्रमाण ४ : ३ होतें, या नव्या पडद्याची रुंदी उंचीच्या अडीचपटीवर गेली. पुढें तेच चित्रपट घरीं आले, आणि पडदा भरावा म्हणून त्यांच्या बाजू कापण्यांत आल्या. २.३५ : १ प्रमाणाचें चित्र अशा रीतीनें ४ : ३ मध्यें बसविलें तर शेंकडा ४३ भाग जातो. आजचा १६ : ९ हा पडदा म्हणजे तडजोड, त्यांतही शेंकडा २४ भाग जातोच. जुन्या बोलपटांची गत उलटी. त्यांची चौकट बहुधा १.३७ : १. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) नव्या पडद्यावर आडवा ताणला, तर तुकोबांचा देह सुमारें शेंकडा ३० नें रुंदावतो!

'कागज के फूल' (१९५९) हा भारतांतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यांत ओसाड स्टुडिओंत प्रकाशाचा झोत उतरतो आणि दोन माणसें एकमेकांपासून दूर उभीं असतात. बाजू कापल्या तरी कथानकांतलें एक अक्षरही गळत नाहीं. गळतें तें त्या दोघांमधलें अंतर. आणि आमच्या मतें त्या प्रसंगाचा सारा अर्थ त्या अंतरांतच आहे.

कोणी म्हणेल, पडदा ज्याचा त्याचा. त्यानें हवें तसें पाहावें. हें आम्हांस मान्य आहे. जाणूनबुजून कापून पाहणारा कोणाचीच फसवणूक करीत नाहीं. कापून विकणाऱ्याची गोष्ट निराळी. काळा पट्टा निदान सांगतो, कीं येथें चित्र नाहीं. कापलेलें चित्र पाहणाऱ्यास संशयही येऊं देत नाहीं. ज्यानें तेवढेंच पाहिलें, तो आपण चित्रपट पाहिला असें जन्मभर सांगणार, आणि त्यास खोटें बोलणारा तरी कसें म्हणावें? अमेरिकेंत अशा कापलेल्या डीव्हीडींवर 'फुल स्क्रीन' असें छापीत. तें अक्षरशः खरेंच होतें. आरंभीं 'मूळ रूपांत बदल केला आहे' अशा अर्थाची सूचनाही पुष्कळदां झळके. काय गेलें, तें मात्र ती सांगत नसे.