महिन्याभरात लाख रुपये

परवा जेवणं आटोपल्यावर आईला टीव्हीवर ‘लाखाची गोष्ट’ लावून दिला. नामावळीत दिग्दर्शक म्हणून राजा परांजपे यांचं नाव आलं आणि ती सावरून बसली.

“पाठलागवाले ना हे? मग मी नाही बघायची. झोप उडते माझी.”

शाळेत असताना गावच्या जत्रेत, तंबूत, तिनं ‘पाठलाग’ पाहिला होता. वकिलाची बायको वारते. पुढे अगदी तिच्याच तोंडवळ्याची एक बाई कोर्टात उभी राहते आणि दोघांच्या संसारातल्या, तिसऱ्याला ठाऊक नसलेल्या गोष्टी घडाघडा सांगू लागते. तंबूतून घरी येईपर्यंत आईनं काकूचा पदर सोडला नव्हता. हा चित्रपट १९६४चा. दोन वर्षांनी राज खोसलांनी त्यावरूनच हिंदीत ‘मेरा साया’ केला. आईच्या लेखी परांजपे म्हणजे तो कोर्टातला सन्नाटा.

“अगं, हा त्याच्या बारा वर्षं आधीचा. हसायचा आहे,” म्हटलं. तरी तिनं दिवा चालूच ठेवायला लावला.

१९५२चा हा चित्रपट. कथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडक्यांचं. मुलीचा श्रीमंत बाप तिच्या कफल्लक प्रियकरापुढे अट टाकतो: हे लाख रुपये घे आणि महिन्याभरात संपवून दाखव. कमवायचे नाहीत, उडवायचे! आई हसली आणि लगेच बोटांची पेरं मोजू लागली. “म्हणजे दिवसाला तीन हजारांच्या वर. त्या काळी? कशावर करायचे रे एवढे?” दिघीतल्या आमच्या दोन खोल्यांत फ्लॅटचा हप्ता, फी आणि किराणा भागवताना पगार दहा तारखेलाच तळाला जातो. तिथे बसून पैसे संपत नाहीत म्हणून घायकुतीला आलेला माणूस बघताना फार बरं वाटलं.

आणि मग जाणवलं, आई पुढे सरकून बसली होती. आता किती दिवस उरले, हे ती मला विचारत होती. मुदत भरत येते, तसा आपला जीव वरखाली होतो. रहस्यपटात होतो तसाच. परांजप्यांनी ‘पाठलाग’मध्ये जो श्वास रोखायला लावला, तो त्यांच्या हातात इथे आधीपासूनच होता. फरक इतकाच की इथे कुणाचं वाईट व्हावं असं वाटत नाही, त्या सासऱ्याचंसुद्धा. हिचकॉकनं उलट्या वाटेनं हेच केलं. धडकी भरवण्यात नाव कमावलेल्या त्या माणसानं १९५५ साली ‘द ट्रबल विथ हॅरी’ काढला. डोंगरातल्या गावात एक प्रेत सापडतं, लोक ते पुरतात, उकरतात, पुन्हा पुरतात आणि मधल्या वेळात लग्नाच्या गोष्टी करतात. घाबरत कुणीच नाही. मला हे दोन्ही चित्रपट एकाच गोत्रातले वाटतात.

अकरा वाजून गेले. पहाटे मॅगझिन चौकात चाकणची कंपनीची बस गाठायची होती, फर्स्ट शिफ्ट. तरी उठवेना. पडद्यावर राजा गोसावी नोटांकडे असे बघत होते, जणू कुणी परक्याचं मूल कडेवर दिलंय आणि ते रडायला लागायच्या आत परत करायचंय.

त्यांची एक हकीकत मी आईला सांगितली. गोसावी पुण्याच्या भानुविलास टॉकीजमध्ये तिकिटं विकायचे. तिथेच ‘लाखाची गोष्ट’ लागला आणि पडद्यावर लाख उधळणारा नायक खाली बुकिंगच्या खिडकीत बसून आपल्याच चित्रपटाची तिकिटं फाडून देत होता, सुटे पैसे मोजून घेत होता.

आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “लोकांनी ओळखलं नसेल रे त्याला?” आणि स्वतःच पुढे, “कसं ओळखणार! त्या खिडकीतून हातच तेवढा दिसतो.”