उरलेला भात

चैत्र पौर्णिमा जवळ आली होती. सप्तशृंगगडाकडे पायी निघालेले खान्देशातले भाविक कळवणवरून नांदुरीची वाट चालत होते. रस्त्याकडेच्या मांडवात एक मंडळ त्यांना जेवू घालायचं. एका संध्याकाळी यायची दिंडी मागेच अडकली आणि मोठ्या टोपातला मसालेभात तसाच राहिला. अण्णा आचाऱ्यांनी झाकण घट्ट लावलं, वर फडकं टाकलं आणि झोपले.

दिंडी सकाळी आली. अण्णा टोप पुन्हा चुलीवर चढवणार, तेवढ्यात वाढायला आलेल्या निवृत्त नर्सबाईंनी भातात उलथणं खुपसलं. कडेचा भात गार. मधला मात्र रात्र उलटूनही कोमट.

"अण्णा, हा वाढायचा नाही."

"बाई, वास तरी घ्या. आंबलाय का? अन् चांगली वाफ आणतो की. विस्तवापुढं काय टिकतं?"

"टिकतं. तीच तर भीती आहे."

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. तांदूळ वर्गणीचा होता. पण बाईंपुढे कुणाचं चाललं नाही. खड्डा खणून भात पुरला, नवे तांदूळ वैरले. दिंडी खोळंबली, कुरकुरलीही.

जन्मभर अन्नाला पाया पडून पंगती वाढलेल्या माणसाला ते मातीत घालवेना, यात नवल नाही. अण्णांनी ताटभर भात आधीच बाजूला काढला होता. मोहरी-मिरचीच्या फोडणीत खमंग परतून त्यांनी तो संपवला. चवीत काही खोट नव्हती. दोनेक तासांत मांडवामागे त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या.

नर्सबाई साखर-मिठाचं पाणी घेऊन आल्या.

"चांगला चटका देऊन परतला होता हो," अण्णा कसेबसे म्हणाले.

"तांदळात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू असतात, मातीतून आलेले. त्यांचे बीजाणू शिजवल्यानं मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उगवतात, वाढतात आणि विष सोडतात. परतल्यावर जंतू मेले असतील, विष नाही गेलं. १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी ते टिकतं. त्याला ना वास, ना चव."

संध्याकाळी अण्णांनी बाजेवरूनच हुकूम सोडला: मोठा टोप चढवू नका, लहान दोन घ्या, आणि दिंडी नजरेला पडल्याशिवाय दुसऱ्यात तांदूळ वैरू नका.

शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड ठेवावं, असं अन्नसुरक्षेचे नियम सांगतात. मांडवात फ्रीज नव्हता, आणि कळवणची चैत्रातली रात्र या दोन आकड्यांच्या मधलीच असते.