साक्ष देण्यापूर्वी



आपल्या मंडळ्यांत 'साक्ष' हा शब्द फार ओळखीचा आहे. प्रार्थनासभेत आपण साक्ष देतो, विवाहाच्या नोंदवहीत साक्षीदार म्हणून सही करतो, आणि एखाद्या बांधवाविषयी तक्रार आली की पंचांपुढे उभे राहून 'मी स्वतः पाहिले' असेही सांगतो. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा तर आपल्याला लहानपणापासून पाठ असते. परंतु तिच्या पोटात एक अवघड प्रश्न आहे. ज्याच्या मनात असत्याचा लवलेशही नव्हता, ज्याने डोळ्यांना दिसले तेवढेच सांगितले, आणि तरीही त्याने सांगितलेले खरे नव्हते, त्याच्या साक्षीला काय म्हणावे?

या प्रश्नाकडे मी नव्याने पाहू लागलो तो खगोलशास्त्रातील एका शोधाची हकिकत वाचून. ती आधी आपल्यापुढे मांडतो.

तारा जन्मतो तेव्हा त्याच्याभोवती वायू आणि धूळ यांची एक विस्तीर्ण तबकडी फिरत असते. तिच्यातूनच पुढे ग्रह घडतात. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ साली मिशेल मायर आणि दिदिए क्वेलोझ यांनी शोधला. परंतु तो कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. ताऱ्याच्या सूक्ष्म डोलण्यावरून त्याचे अस्तित्व ताडले होते. आजवर हजारो ग्रह सापडले असले, तरी बहुतेकांचा पत्ता असाच अप्रत्यक्षपणे लागला आहे. घडत असलेल्या ग्रहाचे प्रत्यक्ष छायाचित्र घेणे ही निराळीच गोष्ट. दूरवरून पाहिले तर आपला सूर्य गुरूपेक्षा सुमारे १०० कोटी पट तेजस्वी दिसेल. नवजात ग्रह तप्त असतो, म्हणून अवरक्त प्रकाशात हे अंतर पुष्कळ कमी होते. तरीही ताऱ्याच्या झगमगाटाशेजारी तो मिणमिणता ठिपकाच राहतो.

म्हणून शास्त्रज्ञ प्रथम ताऱ्यालाच झाकतात. ग्रहण नसतानाही सूर्याचा प्रभामंडळ दिसावा यासाठी फ्रेंच ज्योतिर्विद बर्नार लिओ यांनी १९३० च्या सुमारास जे उपकरण बनवले, त्याचेच हे पुढचे रूप. पण तारा झाकला तरी त्याचा विखुरलेला प्रकाश उरतो. दुर्बिणीच्या आरशांतील अतिसूक्ष्म दोषांमुळे त्या प्रकाशाचे असंख्य ठिपके पडतात, आणि त्यांतला प्रत्येक ठिपका ग्रहासारखाच दिसतो! मग खरा कोणता आणि खोटा कोणता?

यावरची युक्ती मनोवेधक आहे. दुर्बिणीच्या दोषातून उपजलेले ठिपके दुर्बिणीशी बांधलेले असतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाशाचे दृश्य मात्र कॅमेऱ्यात हळूहळू वळवू देता येते. म्हणून एकाच ताऱ्याची छायाचित्रे एकामागून एक घेत राहतात. जो ठिपका जागचा हलत नाही तो आपल्या उपकरणाचा दोष. जो आकाशाबरोबर वळतो तो आकाशातला. आपला दोष आधी ओळखायचा, तो वजा करायचा, आणि मगच समोर काय आहे ते बोलायचे. प्रभूने कुसळ आणि मुसळ यांविषयी जे शिकवले, ते येथे वेधशाळेच्या नित्यकर्मात उतरलेले दिसते.

पण हकिकत येथे संपत नाही. वृषभ राशीच्या दिशेला सुमारे ५०० प्रकाशवर्षांवर 'एलकेसीए १५' नावाचा एक तरुण तारा आहे. त्याच्या तबकडीत ग्रह घडताना दिसल्याचे २०११ साली जाहीर झाले. २०१५ साली त्याला आणखी पुष्टी मिळाली आणि एकाहून अधिक ग्रहांची नावे पुढे आली. हे काम करणारे कुशल होते, प्रामाणिक होते. तथापि २०१९ साली हवाई बेटावरील मोठ्या दुर्बिणींतून त्याच ताऱ्याची अधिक स्पष्ट छायाचित्रे घेण्यात आली, तेव्हा आढळले की ग्रहांचा म्हणून मानलेला बहुतांश प्रकाश तबकडीच्या आतल्या भागाचाच होता. ग्रह तेथे असतीलही; पण जे ग्रह म्हणून दाखवले गेले ते बहुधा ग्रह नव्हते.

याच्या उलट उदाहरण नरतुरंग तारकासमूहातील 'पीडीएस ७०' या ताऱ्याचे. तो सुमारे ३७० प्रकाशवर्षांवर असून त्याचे वय अवघे ५४ लाख वर्षे मानतात. चिलीच्या वाळवंटातील पारानाल पर्वतावर ८.२ मीटर व्यासाच्या आरशांच्या दुर्बिणी आहेत. तेथील निरीक्षणांतून त्याच्या तबकडीतील मोकळ्या पट्ट्यात एक ग्रह असल्याचे २०१८ साली जाहीर झाले. तो जाहीर करणाऱ्यांनी एका छायाचित्रावर भिस्त ठेवली नाही. निरनिराळ्या उपकरणांनी, निरनिराळ्या वर्षी घेतलेली छायाचित्रे त्यांनी तपासली. २०१२ च्या जुन्या छायाचित्रातही तो ठिपका होता. पुढे ग्रहावर कोसळणाऱ्या हायड्रोजनचा तांबडा प्रकाशही टिपला गेला, आणि २०१९ साली त्याच्या जोडीला दुसरा ग्रह सापडला. दोघा-तिघांच्या साक्षीने प्रत्येक गोष्ट शाबीत व्हावी, हा पवित्र शास्त्राचा दंडक आपल्याला आठवल्यावाचून राहत नाही.

वाचकहो, आता माझी गोष्ट सांगणे मला भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका मंडळीत पंच होतो. एका रविवारी संध्याकाळी उपासनेनंतर एकोणीस-वीस वर्षांचा एक तरुण अर्पणाची पाकिटे स्वतःच्या पिशवीत घालताना मी पाहिला. पंचांच्या बैठकीत मी तेवढेच सांगितले. पदरचा एक शब्दही घातला नाही. तरुण संघाचे काम त्याच्याकडून काढून घेण्यात आले आणि त्याने मंदिरात येणे सोडले. काही महिन्यांनी उलगडा झाला. आजारी खजिनदारांनीच त्याला पाकिटे घरी आणून द्यायला सांगितले होते, आणि पैन् पैचा हिशेब वहीत होता. मला पाकिटे दिसली होती. चोरी दिसली नव्हती. तो मुलगा गरीब घरचा आहे ही माझ्या मनातली जुनी नोंद होती, आणि तिने उरलेले चित्र पुरे केले होते. तो ठिपका माझ्याच आरशातला होता.

मी पाळकसाहेबांना एकान्तात चूक सांगितली आणि मोकळा झालो असे मानले. मुलाच्या घरीही गेलो. त्याच्या आईने पाणी दिले, आणि तो आता परगावी नोकरीला असतो, एवढेच सांगितले. परंतु ज्या पंचांपुढे मी साक्ष दिली, त्यांच्यापुढे ती मागे घेण्यासाठी मी कधी उभा राहिलो नाही. ताऱ्याविषयीचा दावा जितका जाहीर होता, तितकीच जाहीर त्याची दुरुस्ती झाली. माझा आरोप मात्र बैठकीत झाला आणि दुरुस्ती कानात.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. प्रामाणिक डोळ्यांची चुकीची साक्ष हे प्रथम पाप नसेल, चूक असेल. पण स्वतःचा दोष तपासण्याची संधी असताना जो तपासत नाही, आणि चूक कळल्यावरही जो ती तितक्याच मोठ्याने मागे घेत नाही, त्याच्या हातून ती खोटी साक्षच होते. आणि जे अजून घडत आहे त्याच्याविषयी तर ही जबाबदारी दुप्पट आहे. तरुण माणूसही धुळीच्या तबकडीतच घडत असतो. धूळ कोणती आणि तो स्वतः कोण हे एका संध्याकाळच्या दर्शनाने कळत नाही.

कोणी म्हणेल, इतकी सावधगिरी बाळगली तर अन्यायाविरुद्ध कोणी तोंडच उघडणार नाही. ही शंका रास्त आहे. पुराव्याअभावी गप्प राहा, असे दुबळ्याला सांगणे बलवानाला नेहमीच सोयीचे असते. पण वेधशाळेतील रीत पुन्हा आठवा. तेथे झाकतात तो तेजस्वी तारा. मिणमिणत्या ग्रहाला कोणी झाकत नाही. मंडळीत ज्याचा आवाज मोठा, ज्याचे घराणे जुने, ज्याची देणगी भारी, त्याचे तेज घटकाभर बाजूला ठेवल्याखेरीज लहानाचे म्हणणे ऐकूच येत नाही. सावधगिरी म्हणजे मौन नव्हे. जेवढे पाहिले तेवढे सांगावे, जे ताडले ते ताडले म्हणून सांगावे, आणि दुसऱ्या डोळ्यांना पाहण्यासाठी बोलवावे.

त्या बैठकीतील पंचांपैकी काही आज हयात नाहीत. जे आहेत त्यांच्यापैकी कोणी हे पान वाचत असतील. बंधूंनो, त्या संध्याकाळची माझी साक्ष मी मागे घेतो. आणि प्रिय वाचका, आपणही अशी एखादी साक्ष कुठे देऊन ठेवली असेल, तर जेथे दिली तेथेच जाऊन ती मागे घ्यावी. उशीर झाला असला तरी जावे. तेवढे धैर्य प्रभू आपणा सर्वांस देवो.