वाद्याचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा आपल्याकडे पुण्यकर्मांत गणला जातो. पण जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं जुन्या दगडी देवळाला तैलरंग फांसलेला ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस हें पुण्य किती निसरडें आहे तें सांगावयास नको. जुनें राखावयाचें म्हणजे नेमकें काय राखावयाचें? हा प्रश्न जुन्या गिटारीच्या दुरुस्तींत अगदीं उघडा पडतो. कारण देऊळ नुसतें उभें राहिलें तरी चालतें, वाद्याला मात्र बोलावें लागतें.

गिटारीचा रोग तिच्या स्वभावांतच आहे. सतारकार जिला तबली म्हणतात ती पुढची फळी येथेंहि पातळ असावी लागते; बहुधा स्प्रूस लांकडाची व सुमारें ३ मिलिमीटर जाडीची. तिला सहा पोलादी तारांचा मिळून सुमारें ७० किलोग्रॅमांचा ताण रात्रंदिवस सोसावा लागतो. फळी जाड केली तर वाद्य टिकेल, पण मुकें होईल. पातळ ठेवली तर तें गाईल, पण वांकेल. कांहीं दशकांत तबली घोडीमागें फुगते, दांडीचा कोन ढळतो, तारा पडद्यांपासून उंच जातात, आणि बोटें दुखेपर्यंत दाबूनहि सूर शुद्ध लागत नाहीं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, घोडी तासून बुटकी करण्याचा. तो स्वस्त व झटपट आहे. गिऱ्हाईक संतुष्ट होऊन जातें, पण रोग जागच्या जागीं राहतो आणि घोडी कायमची जाते. दुसऱ्या उपायांत सांध्याजवळचा एक पडदा काढून बारीक भोंक पाडतात, त्यांतून वाफ सोडून सरस मऊ करतात, दांडी धडापासून सोडवितात, तिच्या टाचेचें लांकूड अगदीं थोडें तासून कोन सुधारतात व सांधा पुन्हां सरसानें जोडतात. लांकूड येथेंहि जातें. पण तें जेथें दोष आहे तेथलेंच जातें, आणि पुढील दुरुस्तीची वाट मोकळी राहते.

सॅक्सनीहून अमेरिकेस आलेल्या ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यानें १८३३ सालीं न्यूयॉर्क येथें गिटारींचें दुकान मांडलें. पुढें हा धंदा पेन्सिल्व्हेनियांतील नाझरेथ गांवीं स्थिरावला. अशा जुन्या कारागिरांचा सांधा सरसाचा, आणि सरस उष्णतेनें व ओलाव्यानें सुटतो. त्यांच्या मनांत असो वा नसो, सुटूं शकणारा सांधा करणें म्हणजे पुढें येणाऱ्या अनोळखी हातावर विश्वास टाकणेंच होय. त्या विश्वासास जागणें हा दुरुस्ती करणाराचा पहिला धर्म, असें आम्हांस वाटतें.

कोणी म्हणेल, वाजविणें म्हणजे झिजविणें. मग जुनें वाद्य कांचेच्या कपाटांतच कां ठेवूं नये? या म्हणण्यांत तथ्य आहे. ‘द हेटफुल एट’ या २०१५ सालच्या चित्रपटासाठीं मार्टिन संग्रहालयानें १८७० च्या दशकांतील एक गिटार उसनी दिली होती. फोडण्याकरितां तिच्या प्रतिकृति तयार असतांनाहि नटानें अजाणतां अस्सल गिटारच फोडली, आणि चित्रपटांस वाद्यें न देण्याचा निश्चय संग्रहालयानें केला. तो कोणासहि योग्यच वाटेल. पण याच घराण्याच्या दुसऱ्या एका गिटारीची कथा निराळी आहे. विली नेल्सन या गायकानें १९६९ सालीं घेतलेली ही गिटार बोटांनीं वाजविण्यासाठीं घडविलेली. त्यानें ती नखीनें वाजविली, आणि वर्षानुवर्षांच्या घासण्यानें तबलीला मोठें भोंक पडलें. तें बुजविण्यांत आलें नाहीं. सभोंवतालचें लांकूड तेवढें जपलें गेलें. तें भोंक काढून टाकणें म्हणजे गिटारीचें चरित्रच पुसणें झालें असतें.

तेव्हां वाजतें करणें इष्टच. पण कोणत्या आवाजांत, हेंहि पाहिलें पाहिजे. १९व्या शतकांतील मार्टिन गिटारी आंतड्याच्या तारांसाठीं घडविलेल्या. पोलादी तारांचा प्रघात १९२० च्या दशकांत पडला. त्या जुन्या गिटारीवर पोलादी तारा चढविणें म्हणजे वृद्धास आखाड्यांत उतरविण्यासारखें आहे. तिचें मूळ रोगण खरवडून चकाकी आणणें हेंहि त्यांतलेंच. कारण तेथें सोय गिटारीची नसून मालकाच्या हौसेची असते.

आमच्या मतें न्याय इतकाच आहे : जें परत फिरवितां येईल तें मोकळेपणानें करावें, जें येणार नाहीं तें, त्यावांचून वाद्य बोलूंच शकत नसेल तरच करावें, आणि काय बदललें तें पुढच्या मालकास स्पष्ट सांगावें. वाडवडिलांकडून आलेल्या रीतिभातींसहि आम्ही हाच न्याय लावूं. त्या जशाच्या तशा कोंडून ठेवणाराचा व त्यांना नवें रोगण चढवून विकणाराचा, अशा दोघांचाहि समज एकच असतो, कीं ही वस्तु आपल्यापाशीं येऊन संपली. वास्तविक ती आपल्या हातून पुढें जावयाची असते.