उसिरु बिडु : आधी श्वास, मग मूठ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या सत्संगाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मुला-मुलींचा कराटेचा वर्ग भरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तो बंद करा असं आपल्यातल्याच काही जणांनी म्हटलं होतं, हेही माहीत आहे. जिथं नाम चालतं तिथं ही आरडाओरड कशाला? खरं सांगायचं तर तसं म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. म्हणून आज आधी आपली चूक कबूल करतो.

मागच्या पारायणाच्या तयारीसाठी आम्ही लवकर आलो होतो. वर्ग चालू होता. नववीतली एक मुलगी पुढं उभी होती. समोरच्या मुलानं नुसता हात उगारला आणि ती जागच्या जागी थिजली. खांदे वर, ओठ घट्ट, तोंड लाल. दोन पंच मारले तेही लुळे, आणि मग चक्कर आल्यासारखी खालीच बसली. आम्हाला वाटलं, सर आता रागावणार. ते शेजारी बसले आणि म्हणाले, "उसिरु बिडु, तंगी. श्वास सोड. मूठ नंतर."

जरा वेळानं ती आम्हाला म्हणाली, "काका, भ्या वाटलं की मी श्वासच घ्यायचं विसरते. शाळेतून येताना स्टँडवर पण असंच होतंय."

आम्ही गप्प झालो. आरडाओरड आरडाओरड म्हणत होतो, ती नेमकी कशासाठी चालली होती ते त्या दिवशी कळलं.

सरांनी मग सगळ्यांना समजावलं. पंच सुटतो तेव्हा श्वास बाहेर, हात मागं येतो तेव्हा श्वास आत. मूठ पोहोचणं आणि श्वासाचा जोर, दोन्ही एकाच क्षणी. श्वास आधीच संपला तर मूठ पोकळ. अडवून धरला तर ताकद अंगातच कोंडते. जोरात श्वास सोडताना पोटाचे स्नायू आवळतात, कंबर-पाठ घट्ट होते आणि पायातला जोर मुठीपर्यंत जातो. त्या श्वासाचा आवाज म्हणजेच किआई. मात्र सगळा श्वास रिता करायचा नाही, थोडा पोटात राखायचा. नाहीतर पुढच्या क्षणी आपण उघडे पडतो. आणि श्वास कोंडून जोर लावला तर रक्तदाब चढतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. पोरीचं तेच झालं होतं.

ओकिनावाचे मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांनी आपल्या पद्धतीला 'गोजू' नाव दिलं. गो म्हणजे कठीण, जू म्हणजे मऊ. ज्या जुन्या वचनावरून हे नाव आलं, ते श्वास घेण्या-सोडण्याबद्दलच आहे.

ऐकता ऐकता आम्हाला आजी आठवली. उखळात मुसळ पडताना तिच्या तोंडून 'हुं' निघायचा. मुसळ वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर. तिला कुणी शिकवलं नव्हतं. चित्रदुर्गाच्या किल्ल्यावर हैदरअलीच्या शिपायांपुढं उभ्या राहिलेल्या ओबव्वाच्या हातातही मुसळच होतं. हा 'हुं' आपल्या घरातलाच आहे, बंधूंनो. आपणच तो विसरलो.

आता आपली गोष्ट. सात दिवसांत पोथी पुरी व्हायला हवी म्हणून आम्ही कसे वाचतो? ओवी अर्ध्यावर, श्वास संपलेला, डोळा उरलेल्या पानांवर. चौथ्या चरणाला टेकायचं, श्वास घ्यायचा, मग पुढं, ही वाचायची रीतच सुटली. ती मुलगी उगारलेल्या हाताला भ्याली, आम्ही घड्याळाला भ्यालो. श्वास दोघांचाही भीतीनंच तोडला.

पतंजलींनी प्राणायाम सांगताना देश, काल आणि संख्या असे तीन शब्द घातले आहेत. श्वास कुठं, किती वेळ, किती वेळा. परंपरा सांगते की दिवसरात्रीत जिवाचे २१,६०० श्वास होतात, म्हणजे मिनिटाला १५. आत येताना 'सो', बाहेर जाताना 'हं'. हा जप आपण करत नाही, तो होत असतो. आपण फक्त भीतीनं, रागानं, घाईनं त्याच्या आड येतो.

बीदरच्या झरणी नरसिंहाला जो गेला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. सुमारे ३०० मीटरचा बोगदा, छातीपर्यंत पाणी, वर वटवाघळं. घाबरून श्वास धरला की पाय अडखळतो आणि वाट लांब वाटते. श्वास सावकाश सोडत, नाम घेत चाललं की गाभारा येतो. पाणी तेवढंच असतं, बोगदाही तेवढाच. श्वास बदललेला असतो.

पण एक गोष्ट राहिली. मुलीनं श्वास सांभाळायचा, मग स्टँड कुणी सांभाळायचा? पोरीला "धीर धर" म्हणून आपण हॉलमध्ये डोळे मिटून बसलो, तर तो आपला सोऽहम् काय कामाचा? म्हणून आता शाळा सुटायच्या वेळी दोन सेवेकरी रोज स्टँडवर उभे राहतात. ज्यांना जमेल त्यांनी नाव द्यावं. माता-भगिनींनी विशेष पुढं यावं.

*या आठवड्याची साधना*
१. सकाळी उठल्यावर १५ श्वास मोजावेत. आत 'सो', बाहेर 'हं'. ओढाताण नको.
२. पोथी वाचताना ओवी पुरी झाल्याशिवाय श्वास तोडू नये. पानं कमी झाली तरी चालतील.
३. बादली उचलताना, जिना चढताना, राग आला असताना आधी श्वास सोडावा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी श्वास कोंडून धरू नये.

वर्ग चालूच राहणार आहे. पारायणाच्या दिवशी मुलांबरोबर आपणही पाच मिनिटं श्वासाला बसू. त्या मुलीला परवा विचारलं, "आता भ्या गेलं का?" ती म्हणाली, "नाही गेलं काका. पण श्वास चालू राहतोय, म्हणून पाय पण चालू राहतात."

साधना याहून वेगळी काय असते?

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त. 🙏