कायदा पहिल्याच वर्षी सुरू होतो

चि. सोनू हिस,


नाशिकला बी.ए. एलएल.बी.ला प्रवेश घेतलास, याचा फार आनंद झाला. पाच वर्षं, दहा सत्रं. पल्ला मोठा आहे. परवा फोनवर तू विचारलंस, ‘मावशी, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हेच चाललंय. खरा कायदा कधी सुरू होणार?’ माझं उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून हे पत्र.

अगं, तो सुरू झालाय. हक्कसोडपत्राचंच घे, म्हणजे बहीण आपला हिस्सा भावाला सोडते त्या कागदाचं. वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. महाराष्ट्राने तो १९९४मध्येच दिला होता, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ही दुरुस्ती पाठ करायला एक संध्याकाळ पुरे. आता दुय्यम निबंधकांच्या कचेरीत जाऊन बस. बहीण येते, भाऊ बोट ठेवतो तिथे सही करते, अंगठा देते, फोटो काढून घेते. कागद वाचतही नाही. का, असं विचारलंस तर म्हणेल, ‘माहेर तुटायला नको.’ ही भीती कुठल्याही कलमात सापडणार नाही. ती समजायला समाजशास्त्र लागतं, आणि ती न समजलेल्या वकिलाला त्या बाईची बाजू मांडता येत नाही.

इतिहासाचंही तेच. पंचवटीत काळाराम मंदिराशी जाऊन ये. २ मार्च १९३० रोजी तिथे बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, पुढे काही वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. मग संविधानाचं कलम १७ वाच. अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या त्या मोजक्या ओळींची किंमत तुला तिथे कळेल. बाबासाहेब स्वतः आधी अर्थशास्त्र शिकले, मग बॅरिस्टर झाले. त्यांच्या युक्तिवादाला ती बैठक होती.

म्हणून या विषयांचे पेपर गाइडवर काढू नकोस. सुट्टीत सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसून उलटतपासणी ऐक. निकाल इंग्रजीत वाचलास तरी त्याचा सारांश मराठीत लिहून काढ. उद्या निफाड-दिंडोरीचा पक्षकार समोर बसेल, त्याला त्याचा दावा त्याच्याच भाषेत समजला पाहिजे.

या सत्रात एक काम नक्की कर. विनीता शर्मा खटल्याचा ११ ऑगस्ट २०२०चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाच. २००५ची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात नसले, तरी मुलीचा हक्क जात नाही, असं त्यात ठरलं. दिवाळीत येशील तेव्हा तो मला समजावून सांग. आणि कचेरीतल्या त्या बहिणीला, तिचं माहेरही राहील आणि हिस्साही, असा सल्ला कसा देशील, तेही सांग.

तुझी,
मावशी